सोन्याचं पाणी, खाडीचं पाणी

सोन्याचं पाणी लाल असतं. सोन्याच्या क्लोराइडचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. आमच्या लॅबमध्ये फिकट निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट असतं, तेच हे. काही मिनिटांत भांड्यातला रंग काळपट जांभळा होतो आणि मग डाळिंबाच्या रसासारखा लाल. सोनं विरघळलेलं नसतं. त्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असतात, आणि एवढं बारीक झालं की सोनं उजेडाशी निराळंच वागतं. ही कृती टर्केविच या रसायनतज्ज्ञानं १९५१ साली बसवून दिली. पण असं माणकाच्या रंगाचं सोनं मायकल फॅराडेनं १८५७ मध्येच लंडनला विद्वानांपुढे मांडलं होतं. त्याच्या काही बाटल्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. पुढे १८६१ मध्ये टॉमस ग्रॅहमनं अशा मिश्रणांना ‘कोलॉइड’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, डिंक. मराठीत आपण त्याला कलिल म्हणतो. शब्द पुस्तकी वाटतो, पण रोजचं दूध हेही कलिलच.

आता त्या लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाका. डोळ्यांदेखत ते निळं पडतं आणि थोड्या वेळानं तळाशी काळसर साका बसतो. कणांवरच्या विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर ठेवत होते. मिठानं तो भार झाकला, कण एकमेकांना चिकटले, गुठळ्या झाल्या.

ज्याला हे प्रयोगशाळेत पाहायला मिळणार नाही त्यानं ठाण्यातल्या कोलशेतच्या रेतीबंदरावर जावं. उल्हास नदी सह्याद्रीतून माती घेऊन येते. गोड्या पाण्यात ती बारीक चिकणमाती तरंगत राहते, कारण तिच्या कणांवरही भार असतो. इथे समोरून भरतीचं खारं पाणी येतं आणि मातीच्या गुठळ्या होऊन गाळ बसतो. खाडीच्या काठचा गुडघाभर चिखल, त्यातली तिवरं, कोळ्यांच्या होड्या ओहोटीला रुततात ती जागा, या सगळ्यामागे ही रासायनिक घटना आहे. आणि आपलं रक्त खारट आहे. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, ते रक्ताच्या खारटपणाशी जुळवूनच. म्हणजे सोन्याचं किंवा चांदीचं पाणी रक्तात उतरलं, तर पहिल्याच क्षणी त्याचं काय होतं, हा प्रश्न आणि आमच्या खाडीचा प्रश्न मुळात एकच.

या पुस्तकाची सुरुवात तिथूनच झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता जैवरसायनशास्त्र शिकवते आणि कोलशेतलाच राहते. रेतीबंदरावर फिरताना मी तिला हे सांगितलं आणि तिनं वर्षभरात हस्तलिखित आणून हातात ठेवलं. धातूंचे अतिबारीक कण रक्तपेशींचं काय करतात आणि शरीरातल्या अँटिऑक्सिडंट यंत्रणेचं काय करतात, हा तिचा विषय. मी पॅथॉलॉजिस्ट. माझं आयुष्य काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तो पाहण्यात गेलं. त्यामुळे प्रस्तावनेत मी मला दिसलेलंच सांगणार आहे. समीकरणं पुस्तकात आहेत.

कोलशेतबद्दल दोन शब्द, कारण पुस्तक इथे सुचलं ही गोष्ट मला गंमतीची वाटते. आगरी-कोळ्यांचं हे गाव. विसाव्या शतकात इथे कोलशेत रोडवर सँडोझ आणि बायरसारख्या कंपन्यांचे मोठे रसायन कारखाने आले. सँडोझचा पुढे क्लॅरियंट झाला. शिफ्ट सुटायच्या वेळा लोकांना तोंडपाठ होत्या. आता त्या जमिनींवर तीस-चाळीस मजल्यांची संकुलं आहेत. पूर्वी इथली निम्मी घरं केमिकलवर जेवत होती. आता त्याच मातीवर राहणाऱ्या माणसाला ‘केमिकल’ हा शब्द शिवीसारखा वाटतो. तोच माणूस ‘कोलॉइडल सिल्व्हर’ लिहिलेली बाटली मात्र रोज सकाळी चमचाभर घेतो, कारण तिच्यावर ‘नैसर्गिक’ असं छापलेलं असतं. पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनाचे फलक लागतात तिथे आया पोरांना घेऊन रांगेत उभ्या असतात. मला त्यांची चेष्टा करायची नाही. माझ्या आजीनं बाळगुटीच्या सहाणेवर सोन्याचं वळं उगाळून मला चाटवलेलं आहे. त्यानं माझं बिघडलं नाही; सुधारलं का, ते कळायला मार्ग नाही.

मी या विषयाकडे वळले ते एका काचपट्टीमुळे. गावातले एक काका, साठीच्या घरातले, हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्त तपासायला आले होते. महिनोन्‌महिने पोटात कळा, चेहरा पांढुरका. लोहाच्या गोळ्या खाऊन फरक नाही. मशीननं आकडे दिले, पण मशीनला न दिसलेली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली: तांबड्या पेशींत निळे बारीक ठिपके, जणू कुणी शाईच्या पेनानं टिंबं दिली आहेत. असे ठिपके इतर आजारांतही दिसतात, थॅलेसेमियात दिसतात, पण साठीत अचानक दिसले की एक शंका आधी घ्यावी लागते. शिसं. काकांना फोन केला. काही औषध घेता का? नाही. एकही नाही? नाही. मग दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. गुडघ्यांसाठी कुणा फिरत्या वैदूनं दिलेली. काका मागून म्हणाले, “मॅडम, ते औषध थोडंच आहे, भस्म आहे ते.”

रक्तातलं शिसं तपासायला पाठवलं, ते वाढलेलं निघालं. पुडी बंद झाली, रुग्णालयात उपचार झाले, काका बरे झाले. ती पुडी काही कलिल नव्हती, साधी भुकटी होती. पण बारीक केलेला धातू रक्तपेशीत कुठे शिरतो हे तिनं मला शिकवलं. शिसं हिमोग्लोबिन घडवण्याच्या साखळीतली दोन विकरं बंद पाडतं. तिसरं एक विकर बंद पडलं की पेशीतला टाकाऊ आरएनए साफ होत नाही. त्याचेच ते निळे ठिपके. तांबडी पेशी तक्रार करत नाही, पण तिच्यावर काय गुदरलं ते ती अंगावर लिहून ठेवते.

या पेशीची थोडी ओळख वाचकानं करून घेतली पाहिजे, कारण पुस्तकभर तीच नायिका आहे. सात-आठ मायक्रोमीटर रुंद, मध्ये दबलेली, चकलीच्या वेढ्यांएवढीही भानगड नसलेली साधी तबकडी. वीस नॅनोमीटरचे सोन्याचे साडेतीनशे-चारशे कण ओळीनं मांडले की तिची रुंदी भरते. एका घन मिलिमीटर रक्तात अशा पन्नासेक लाख. तिला केंद्रक नाही. जन्मताना जे बरोबर घेतलं त्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. नवीन प्रथिन घडवता येत नाही, मोडलं ते बदलता येत नाही. आणि काम कसलं, तर लोह अंगावर घेऊन ऑक्सिजनच्या भट्टीत दिवसरात्र फिरायचं. रोज तिच्यातलं थोडं हिमोग्लोबिन आपोआप ऑक्सिडीकृत होतं आणि प्रत्येक वेळी सुपरऑक्साइड नावाची ठिणगी उडते. ती विझवायला सुपरऑक्साइड डिसम्युटेज, मग त्यातून निघालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, आणि या सगळ्यांच्या मागे ग्लुटाथायोनचा साठा. ग्लुटाथायोन हा लहानसा गंधकयुक्त रेणू आहे. त्याचा गंधक लक्षात ठेवा. चांदी, सोनं, पारा, शिसं या सगळ्यांचा जीव गंधकावर. रक्तात आलेला चांदीचा आयन पहिला हात घालतो तो इथेच.

मला नेहमी नवल वाटतं ते यातल्या धातूंचं. १९३८ मध्ये मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबं असलेलं एक प्रथिन वेगळं केलं. ते कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं ते नुसतं तांब्याची साठवण म्हणून पुस्तकांत राहिलं. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की हेच सुपरऑक्साइड विझवणारं विकर. त्यात तांबं आणि जस्त, कॅटलेजमध्ये लोह. म्हणजे ‘धातू रक्ताला वाईट’ हे वाक्य जितकं चुकीचं तितकंच ‘धातूनं ताकद येते’ हेही. धातू कुठे बसलाय, कशानं बांधलाय, मोकळा सुटलाय का, यावर सगळं आहे. मोकळं लोह पेरॉक्साइडला भेटलं की काय भडका उडतो ते फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवलं होतं.

आता बाटल्यांवरच्या दाव्याकडे येऊ. ‘अँटिऑक्सिडंट वाढवते.’ दाव्यामागे कधीकधी खरा प्रयोगही असतो. २००२ मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी उंदरांना सुवर्णभस्म दिलं. यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या बिघडल्या नाहीत आणि डिसम्युटेज, कॅटलेज या दोन्ही विकरांचं काम वाढलेलं आढळलं. प्रयोग व्यवस्थित होता. पण त्यावरून ‘सुवर्णभस्म माणसाचं आयुष्य वाढवतं’ इथपर्यंतची उडी ज्यांनी मारली ते संशोधक नव्हते.

गावात रात्रीची गस्त वाढली तर दोन अर्थ निघतात. एक, गाव आता जास्त सुरक्षित आहे. दोन, चोऱ्या वाढल्यात. नुसते पहारेकरी मोजून कुठला अर्थ खरा ते कळत नाही. पेशीचंही तेच. तिच्यावर हल्ला झाला की ती विकरं वाढवते. हल्ला फार झाला की साठा संपतो आणि आकडा खाली येतो. आकडा वर गेला म्हणून पेढे वाटायचे नसतात आणि खाली गेला म्हणून लगेच छाती पिटायची नसते. चरबीचं ऑक्सिडेशन किती झालं, पेशी मेल्या किती, हे त्याच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. या पुस्तकातली एकच गोष्ट वाचकाच्या ध्यानात राहणार असेल तर ती ही राहो, असं मला वाटतं.

आणि याचा सर्वांत चांगला धडा आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात गिरवला गेला आहे. आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटानं भाजलेल्या जखमांवर लावायचं चांदीच्या सूक्ष्मकणांचं जेल विकसित केलं. जखमेवर लावायचं म्हणजे आधी पेशींना ते सोसतं का ते बघितलं पाहिजे. ७ ते २० नॅनोमीटरचे चांदीचे गोल कण घेऊन त्यांनी २००८ मध्ये माणसाच्या कर्करोगाच्या दोन पेशीवाणांवर (सेल लाइनवर) काम प्रसिद्ध केलं. मिलिलिटरमागे ६.२५ मायक्रोग्रॅम चांदीला ग्लुटाथायोन घटलं, डिसम्युटेज घटलं, चरबीचं ऑक्सिडेशन वाढलं. इथे थांबले असते तर ‘चांदी अँटिऑक्सिडंट मारते’ असं शीर्षक झालं असतं. ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षी तेच कण त्यांनी उंदराच्या ताज्या, मूळ पेशींना दिले: त्वचेखालच्या फायब्रोब्लास्टना आणि यकृताच्या पेशींना. निम्म्या पेशी मारायला फायब्रोब्लास्टमध्ये ६१ मायक्रोग्रॅम लागले आणि यकृतपेशींत ४४९. त्याच्या निम्म्या मात्रेला ग्लुटाथायोन घटलं नाही, उलट थोडं वाढलं. यकृतपेशींत डिसम्युटेजही वाढलं. एकच प्रयोगशाळा, एकच चांदी, आणि दोन उलट उत्तरं. त्याहून बोलका तपशील पुढे आहे. पेशींनी स्वतःहून मरायला सुरुवात करण्याची खूण फायब्रोब्लास्टमध्ये ३.१२ मायक्रोग्रॅमलाच दिसली होती. म्हणजे बाहेरून पेशी धडधाकट, आतले पहारेकरी वाढलेले, आणि तरी काहीजणी मरणाची तयारी करू लागलेल्या.

सोन्याचं काम याआधीच, २००५ मध्ये, पुण्यातच झालं होतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले मुरली शास्त्री, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले रमेश भोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी साडेतीन नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे कण मॅक्रोफेज पेशींना दिले. रक्तातल्या मोनोसाइट पेशी ऊतींमध्ये जाऊन मॅक्रोफेज होतात. बाहेरचं काही आलं की खाऊन टाकणं हे त्यांचं काम. त्यांनी सोनं गिळलं, केंद्रकाभोवतीच्या पिशव्यांत नीट रचून ठेवलं. पेशी मेल्या नाहीत. दाह पेटवणारी रसायनं वाढली नाहीत आणि ऑक्सिजनपासून होणारे उपद्रवी रेणू उलट कमी झाले. पुढची अनेक वर्षं सोन्याच्या कणांवर काम करणाऱ्यांनी या निबंधाचा आधार घेतला. मात्र हे उंदराच्या पेशीवाणावर, काचेच्या बशीत झालेलं काम आहे. चमच्यानं पोटात गेलेल्या सोन्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पोटाची गोष्ट वेगळीच. चांदीचं पाणी जठरात गेलं की तिथलं हायड्रोक्लोरिक आम्ल वाट बघत असतं. चांदीचा काही भाग क्लोराइड होतो, काही आयनरूपात पुढे सरकतो, काही गुठळ्या होऊन शौचावाटे जातो. बाटलीत काय होतं आणि रक्तात काय पोचलं यांचा संबंध इथेच तुटतो. रक्तात पोचलेल्याला मिठानं गुठळ्या होण्याआधीच प्रथिनं येऊन चिकटतात, अल्ब्युमिन वगैरे, आणि कणाला अंगरखा चढतो. पेशींना भेटतो तो हा अंगरखा, धातू नव्हे. खाडीतल्या मातीच्या कणांवरही असाच सेंद्रिय लेप बसतो, हे माझ्या विद्यार्थिनीनं मला सांगितलं. तिच्याकडून मी शिकलेली ही गोष्ट.

वर्षानुवर्षं चांदी घेणाऱ्यांची त्वचा निळसर-राखाडी होते. याला आर्जिरिया म्हणतात. त्वचेत साठलेली चांदी उजेडानं काळी पडते, जुन्या फोटोच्या फिल्मसारखी, आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९९ मध्येच ठरवलं की चिठ्ठीशिवाय विकली जाणारी कलिल चांदीची औषधं सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत. आरोग्यपूरक म्हणून ती आजही विकली जातात. आपल्याकडे तर मोबाइलवर दोन बोटं फिरवली की घरपोच.

रक्तातल्या बाकीच्या पेशींबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, मी एवढंच सांगते की प्लेटलेट्स विसरू नका. २००९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या देबब्रत दाश यांच्या गटानं दाखवलं की चांदीचे सूक्ष्मकण प्लेटलेट्सना एकत्र येऊ देत नाहीत. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो. गुठळी होऊ न देणारं नवं औषध म्हणून त्यांनी त्याकडे पाहिलं, आणि ते योग्यच. पण हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस तेच चांदीचं पाणी ‘प्रतिकारशक्तीसाठी’ पीत असेल तर? त्याच्या रक्त गोठण्याची चाचणी, आयएनआर, करताना मला हे कोण सांगणार?

सोनं औषध म्हणून वापरण्याचा व्यवहार तर शंभर वर्षांहून जुना आहे. रॉबर्ट कॉखनं १८९० मध्ये सोन्याचं सायनाइड क्षयाच्या जंतूंना रोखतं असं सांगितलं. १९२९ मध्ये फ्रान्सच्या फोरेस्तिए यांनी संधिवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं वापरली, आणि पुढची साठ वर्षं ती जगभर वापरात राहिली. मी शिकत होते तेव्हा असे रुग्ण रक्ताची आणि लघवीची तपासणी करूनच पुढचं इंजेक्शन घ्यायचे. कारण काहींच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स एकाएकी कोसळायच्या. गोळीच्या रूपातलं सोनं, ऑरॅनोफिन, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचं अँटिऑक्सिडंट विकरच बंद पाडतं. सोन्याचा क्षार म्हणजे कलिल सोनं नव्हे. क्षारातलं सोनं आयनरूपात असतं. फरक महत्त्वाचा आहे, आणि विक्रेते तो गुळमुळीत ठेवतात: गुण सांगताना क्षाराचं संशोधन, दोष निघाले की ‘आमचं तर शुद्ध कलिल’.

भस्मांविषयी मला जरा सबुरीनं बोलायचं आहे. रसशास्त्राच्या जुन्या वैद्यांनी ठरवलेल्या कसोट्या पाहिल्या की त्यांच्या निरीक्षणाला दाद द्यावीशी वाटते. भस्म पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. अंगठा आणि तर्जनीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, ते रेखापूर्ण. पुन्हा धातूरूपात येता कामा नये, ते अपुनर्भव. कणाचा आकार मोजायचं साधन नसताना केलेली ही आकाराची आणि रसायनाची परीक्षाच आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं सुवर्णभस्माचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर सोन्याचे ५६-५७ नॅनोमीटरचे गोलसर कण दिसले. आमच्या शेजारी पवईला आयआयटी मुंबईत जयेश बेल्लारे यांच्या गटानं जसद भस्मात जस्ताच्या ऑक्साइडचे सूक्ष्मकण दाखवले. पण जुन्या वैद्यानं आठ-दहा पुटं देऊन, शोधन-मारण करून केलेलं भस्म आणि काकूंच्या पिशवीतली पुडी यांना एकच नाव असणं हाच घोटाळा आहे. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली गेली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तेव्हा आपल्याकडे या बातमीवर बराच गदारोळ झाला. परकीयांचं कारस्थान म्हणून ती धुडकावणं सोपं होतं, पण माझ्या काचपट्टीवरचे निळे ठिपके परदेशातून आलेले नव्हते.

या सगळ्यात एक कलिल धातू आहे जो आम्ही डॉक्टर रोज, उघडपणे, शिरेतून देतो. लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात गोळ्या पुरत नाहीत किंवा सोसत नाहीत तेव्हा आयर्न सुक्रोजची सलाइन लावतात. त्या गडद तपकिरी बाटलीत लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर साखरेचं कवच असतं. हे कवच नसतं तर मोकळं लोह रक्तात फेंटनचा भडका उडवत फिरलं असतं. कवच असल्यामुळे मॅक्रोफेज तो कण शांतपणे गिळतात आणि लोह थोडं थोडं बाहेर सोडतात. हे लोह प्रमाण ठरवून, वजन मोजून, सावकाश आणि देखरेखीखाली देतात; पंधरा दिवसांनी हिमोग्लोबिन पाहतात. कलिल धातू रक्ताला हितकारक ठरतो तो असा. जाहिरातीतल्या बाटलीत यातलं काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला पुस्तकात अगदी मनापासून आवडली. रक्तपेशी फुटल्या का हे मोजायची सोपी रीत म्हणजे पेशी काढून टाकायच्या आणि वरच्या पाण्यात किती हिमोग्लोबिन सांडलं ते प्रकाश टाकून मोजायचं. बहुतेकजण ५४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात. कलिल सोनं ५२० च्या आसपासचा प्रकाश शोषतं. म्हणजे दोघांचाही रंग लाल! निष्काळजी विद्यार्थ्यानं सोन्याचीच लाली ‘फुटलेलं रक्त’ म्हणून मोजली, तर सोनं विषारी ठरतं. आणि सोन्याच्या कणांनी सांडलेलं हिमोग्लोबिन अंगावर चिकटवून तळाशी नेलं, तर विषारी कणही निर्दोष सुटतात. निबंध वाचताना नुसत्या सोन्याच्या पाण्याची तुलनेसाठी नोंद ठेवली आहे का, ते आधी पाहा, असं लेखिका म्हणते. माझ्या हाताखाली एमडी करणाऱ्या सगळ्यांना मी हे पान वाचायला लावणार आहे. तांबडी पेशी नवीन विकर घडवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. तेव्हा ‘तासाभरात तांबड्या पेशीतलं डिसम्युटेज दुप्पट’ असं कुठे वाचलंत, तर मोजण्यात गफलत असेल असं धरून चाला.

सोनं आणि रक्त यांची सगळ्यांत भरवशाची गाठ शरीराबाहेरच पडते. मलेरियाच्या झटपट चाचणीच्या पट्टीवर, गरोदरपणाच्या पट्टीवर, करोनाच्या काळात घराघरात गेलेल्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटते ती बहुतेकदा कलिल सोन्याचीच असते. लाखो घरांनी फॅराडेची लाली पाहिली आहे, फक्त कुणी ओळखली नाही. ठाण्यातल्या पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की आमच्या टेबलावर अशा पट्ट्यांचा ढीग असतो.

लेखिकेचं पुस्तक सोपं नाही. तिसरं आणि पाचवं प्रकरण दोनदा वाचावं लागेल. एके ठिकाणी तिच्याशी माझं पटलं नाही. जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेवर तिनं एकच पान दिलं आहे, आणि मला ते तोकडं वाटतं. या विकराशिवाय तांबड्या पेशीला ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करता येत नाही. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता १९६३ मध्येच नोंदली गेली. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांतही असे रुग्ण भेटतात. ऑक्सिडीकारक औषध, काही तापांवरची गोळी, डांबरगोळी, यांनी अशांच्या पेशी फटाफट फुटतात. चांदीचा आयन इतरांच्या पेशींना जे करायला आठवडे घेईल ते यांच्यात लवकर होऊ शकतं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत या विषयावर जे काम झालं आहे, ते पुढच्या आवृत्तीत यावं असं मी तिला लिहून कळवलं आहे. तिनं हो म्हटलं आहे, म्हणून जाहीरपणे लिहिते.

बाकी वाचकाला माझी एक विनंती आहे. काकांनी मला पुडीबद्दल सांगितलं नाही, कारण ते भस्म आहे, औषध नाही, असं त्यांना वाटत होतं. चांदीचं पाणी, सुवर्णप्राशनाचे थेंब, तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं आंबट सरबत, कुणी दिलेली गोळी, पुडी, चूर्ण, काहीही असो. रक्त तपासायला याल तेव्हा ती बाटली किंवा तो कागद सोबत आणा आणि नमुना देतानाच काउंटरवर ठेवा. कुणी तुम्हाला रागावणार नाही. काचपट्टी वाचायला आम्हाला तेवढी मदत पुरे.